अर्ज म्हणजे याचना नव्हे

(इस्लामपूर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील असल्यामुळे आज मी धर्मांतर आणि कायदा या विषयावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी आज एका साध्या कागदाविषयी बोलणार आहे. तो कागद म्हणजे नोकरीचा अर्ज. आणि तोही आंतरराष्ट्रीय संस्थांमधील नोकरीचा. हा विषय या मेळाव्याला दूरचा वाटेल. पण माझ्याकडे आलेल्या एका मुलीची हकीकत ऐकल्यावर तो आपल्या घरातलाच आहे, हे आपल्या ध्यानी येईल.

आपल्या वाळवे तालुक्यातीलच ही मुलगी. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, एका संस्थेत चार वर्षे काम केलेली. मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जागेची जाहिरात तिने पाहिली होती आणि अर्ज तपासून घेण्यासाठी ती वडिलांसह माझ्याकडे आली. अर्जाचे पहिलेच वाक्य असे होते की, मी एका गरीब व मागासलेल्या कुटुंबातील मुलगी असून कृपावंत होऊन मला एक संधी द्यावी. पुढे पदव्यांची यादी आणि शेवटी पुन्हा कृपेची विनंती. चार वर्षांत तिने स्वतः काय केले, याविषयी त्या दोन पानांत एक ओळही नव्हती.

मी तिला दोष दिला नाही. कारण ते वाक्य तिचे नव्हतेच. ते तिच्या पणजोबांचे वाक्य होते. गावकीची कामे करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मामलेदारांपुढे, साहेबांपुढे, पाटलांपुढे जे अर्ज केले ते सारे हुजुरांच्या चरणाशी ठेवलेले असत. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेला महार रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करी आणि आपल्या हक्काच्या मोबदल्यासाठीही हात जोडून विनंती करी. त्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणले. आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले, पण वतनाची भाषा आपल्या अर्जातून अजून गेलेली नाही. आपण धम्म स्वीकारला, देव्हारे रिकामे केले. आता लेखणीतले हे जोडलेले हातही सोडवले पाहिजेत.

मग अर्ज कसा असावा? याचे उत्तर बाबासाहेबांच्या एका लहानशा पत्रात आहे. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो समाजाच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे एक निवेदन सादर करण्यात आले. ही वार्ता वाचून बाबासाहेबांनी त्या समाजाचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. त्या पत्रात मी कोण, ते सांगितले. मी अस्पृश्य समाजातील आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितले. निग्रोंच्या प्रश्नाचा मी अभ्यासक आहे, हे सांगितले. आणि त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मला मिळवून द्याव्यात, एवढे नेमके मागणे मागितले. डुबॉइस यांनी त्याच वर्षी ३१ जुलैला उत्तर पाठवले. या पत्रात दीनवाणेपणा नाही आणि बढाईही नाही. मी कोण आहे, मी काय केले आहे आणि मला काय हवे आहे, या तीन गोष्टी त्यात आहेत. परदेशातील कोणत्याही संस्थेला लिहावयाच्या अर्जाचे सारे शास्त्र या तीन गोष्टींत सामावलेले आहे, असे मी म्हणेन.

आता त्या संस्थांना काय हवे असते, ते पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद १९४५ साली अमलात आली. तिच्या १०१ व्या कलमात सेवकवर्गाच्या निवडीची कसोटी सांगितली आहे. कार्यक्षमता, योग्यता आणि सचोटी यांचा सर्वोच्च दर्जा, ही पहिली कसोटी. आणि शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर निवड व्हावी, ही पुढची काळजी. आठव्या कलमाने स्त्री-पुरुषांना समान अटींवर प्रवेश दिला आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९५८ साली १११ क्रमांकाचा करार केला. नोकरी व व्यवसायात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीयत्वाचे मूळ आणि सामाजिक मूळ यांवरून भेद करू नये, असे तो सांगतो. भारताने १९६० साली त्याला मान्यता दिली. ‘सामाजिक मूळ’ हे शब्द आपण विसरू नयेत. ते आपल्यासाठीही आहेत.

येथे धर्मांतराचा प्रश्न येतो आणि तो मी टाळणार नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्म मानणाऱ्यांना, शिखांमधील काही जाती वगळता, त्या यादीबाहेर ठेवले होते. १९५६ साली शीख समाजासाठी त्यात दुरुस्ती झाली. बौद्धांसाठी ती दुरुस्ती व्हायला १९९० साल यावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म घेतला, त्यांच्या मुलांना चौतीस वर्षे केंद्राच्या नोकरीचा फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यापाशी थांबावे लागले. ‘बौद्ध’ लिहावे तर भाकरी जाते, जुनी जात लिहावी तर दीक्षा खोटी पडते. पुष्कळांनी ‘बौद्ध’ लिहिले आणि भाकरी सोडली. पुष्कळांनी पोटासाठी दुसरे लिहिले आणि रात्री झोप सोडली. दोघांविषयीही मला आदरच आहे.

आंतरराष्ट्रीय संस्थेच्या फॉर्मात तो रकाना नाही. तेथे जात विचारीत नाहीत, आणि म्हणून जातीची राखीव जागाही नाही. सवलतही नाही आणि अडसरही नाही. काही तरुणांना यात मोकळेपणा वाटतो, काहींना धास्ती वाटते. मी दोघांनाही सांगतो की, रकाना नाही याचा अर्थ आपण आपला इतिहास लपवावा, असा नाही. एखाद्या तरुणाने भीमजयंतीच्या मंडळातून अभ्यासिका चालवली असेल, विहारात स्त्रियांसाठी कायदा सल्ला केंद्र चालवले असेल, तर ते त्याने लिहावे. संस्थेच्या नावात ‘भीम’ आहे, ‘बौद्ध’ आहे, म्हणून ते नाव गाळण्याचे कारण नाही. वाचणारा मनुष्य केनियाचा असेल, पेरूचा असेल; त्याला विहार म्हणजे काय हे ठाऊक नसणार. तेव्हा एका वाक्यात सांगावे की, ही आमच्या वस्तीची प्रार्थनेची व शिक्षणाची जागा आहे. लपवलेले काम कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

आता मी माझ्या धंद्याची रीत आपणांस सांगतो. न्यायालयात दावा चालतो तेव्हा आधी वादमुद्दे काढतात आणि मग प्रत्येक मुद्द्यावर पुरावा देतात. नोकरीच्या जाहिरातीत जी कर्तव्ये आणि जी पात्रता दिलेली असते, ते आपले वादमुद्दे समजावेत. ते एका कागदावर डाव्या बाजूला लिहावेत. उजव्या बाजूला प्रत्येकासमोर आपल्या आयुष्यातील एक घडलेली गोष्ट लिहावी. परिस्थिती काय होती, माझ्यावर काम कोणते होते, मी काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत. निवडीच्या मुलाखतीतही याच रीतीचे प्रश्न येतात. ज्या मुद्द्यासमोर जागा कोरी राहील, तेथे आपली उणीव आहे असे प्रामाणिकपणे समजावे; आणि कोऱ्या जागाच जास्त असतील, तर ती जागा आज आपली नाही असे समजून कामाला लागावे.

हे प्रथम मराठीत लिहावे, असा माझा आग्रह आहे. त्या संस्थांचा अर्ज बहुधा इंग्रजीत जातो, हे खरे. पण आपण थेट इंग्रजीत लिहू लागलो की वाक्ये उसनी येतात. आता तर यंत्राकडून पत्र लिहून घेण्याची सोय झाली आहे. त्यामुळे एकाच साच्यातील, गोड आणि पोकळ पत्रांचे ढीग संस्थांपुढे पडत असतात. यंत्राला आपले व्याकरण तपासू द्यावे. पण पुराच्या रात्री आपण काय केले, हे यंत्राला ठाऊक नाही.

पुराचे नाव मी उगीच घेतले नाही. त्या मुलीला मी विचारले, “बाई, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-वारणेला पूर आला, तेव्हा तू कोठे होतीस?” ती म्हणाली, “दादा, शाळेत निवारा उघडला होता, तिथे होते.” तेथे काय केले, असे विचारता ती म्हणाली, “काही विशेष नाही, सेवा केली.” मग हळूहळू उलगडत गेले. कोणत्या खोलीत कोणते कुटुंब, याची यादी तिने केली होती. तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांची वेगळी नोंद ठेवून त्यांना दूध व औषध आधी मिळेल, अशी व्यवस्था लावली होती. पिण्याच्या पाण्याच्या वाटपात आपल्या वस्तीला शेवटी उभे करतात, हे पाहून तिने खोल्यांच्या क्रमाने वाटप करावयास लावले आणि भांडण न होता ते मान्य करवून घेतले. किती कुटुंबे, किती मुले, किती दिवस, हे सारे तिच्या वहीत होते. ती वही तिने जपून ठेवली होती, पण अर्जात तिचा उल्लेखही नव्हता! ज्या संस्थेचे कामच आपत्तीत मुलांचे रक्षण करणे हे आहे, तिला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

‘सेवा केली’ हे वाक्य नम्र आहे, परंतु ते पुरावा नव्हे. तेथे ‘आम्ही’ असेही लिहू नये. आम्ही म्हणजे कोण, त्यात तुमचा वाटा कोणता, हे वाचणाऱ्याला कळत नाही. जे स्वतः केले तेथे ‘मी’ लिहावे, जे दुसऱ्याने केले तेथे त्याचे श्रेय त्याला द्यावे. आपल्या पंचशीलातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. अर्जाखाली आपण जी सही करतो, तिच्यावर हा मजकूर खरा आहे असे लिहिलेले असते. ते प्रतिज्ञापत्रच समजावे. या संस्था पदव्या आणि मागील नोकऱ्या तपासतात. लपवलेली किंवा खोटी गोष्ट नेमणुकीनंतर सापडली, तरी नोकरी जाऊ शकते. शीलाप्रमाणे वागणारा मनुष्य येथे निर्भय असतो.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. दीक्षेनंतर आपल्यापैकी काहींनी आडनावे बदलली आहेत, काहींनी मुलांची नावे बदलली आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे, असा गोंधळ मी नित्य पाहतो. नाव बदलावयाचे तर रीतसर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे आणि त्या राजपत्राची प्रत जपून ठेवावी. प्रत्येक नोकरी सोडताना, त्याच दिवशी, महिना-वर्ष आणि कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभवपत्र मागून घ्यावे. फॉर्ममध्ये प्रत्येक नोकरीचे आरंभ आणि अंत विचारतात. मधला रिकामा काळही विचारतात. आई आजारी होती म्हणून वर्षभर घरी होते, असे लिहिण्यात कमीपणा नाही.

शिफारशीसाठी आपण आमदारांकडे, मोठ्या साहेबांकडे धावतो. त्यांनी आपले काम पाहिलेले नसते. बाबासाहेबांसाठी लंडनला शिफारस केली ती कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिगमन यांनी. कारण त्यांनी या विद्यार्थ्याचा अभ्यास प्रत्यक्ष पाहिला होता. ज्याने तुम्हांला काम करताना पाहिले, त्याचेच नाव द्यावे आणि देण्यापूर्वी त्याला विचारावे.

या संस्थांचे दरवाजे एकाच उंचीचे नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघात अधिकारी वर्गाची एक श्रेणी आहे. तिच्या तिसऱ्या पायरीसाठी साधारणतः पदव्युत्तर पदवी व किमान पाच वर्षांचा अनुभव, चौथीसाठी सात आणि पाचवीसाठी दहा वर्षे लागतात. पदव्युत्तर पदवी नसेल, तर साधी पदवी व दोन वर्षांचा जादा अनुभव बहुधा चालतो. जो तरुण कालच पदवी घेऊन पाचव्या पायरीचा अर्ज करतो, तो आपला वेळ दवडतो. तरुण अधिकाऱ्यांसाठी परीक्षेची एक वेगळी वाट आहे. तिला वयाची मर्यादा बत्तीस वर्षांची आहे आणि कोणत्या देशांचे नागरिक बसू शकतात, याची यादी दर वर्षी बदलते. म्हणून आधी यादी पाहावी. याशिवाय त्या त्या देशाच्या नागरिकांसाठी राष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या व कार्यालयीन सेवकांच्या जागा असतात. जागतिक आरोग्य संघटनेचे विभागीय कार्यालय दिल्लीस आहे, युनिसेफचे कार्यालय मुंबईस आहे. आपल्या मुलांचा पहिला दरवाजा जिनिव्हाचा नसून मुंबईचा किंवा दिल्लीचा असू शकतो. १९७० साली निर्माण झालेली संयुक्त राष्ट्र स्वयंसेवकांची योजनाही आहे. तिच्यात निर्वाहभत्ता मिळतो आणि आपल्याच देशात काम करण्याची सोय आहे. संयुक्त राष्ट्र सचिवालयातील विद्यार्थ्यांची उमेदवारी मात्र विनावेतन असते. न्यूयॉर्कचा खर्च घरून करावा लागतो; तेव्हा जमीन विकून ती करू नये. उच्च शिक्षणासाठी परदेशी जावयाचे, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. तिचा मार्ग आधी पाहावा.

आता एक कटू गोष्ट. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका तरुणाच्या वडिलांनी परदेशी संस्थेत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका दलालास बैल व दागिने विकून पैसे दिले. नेमणुकीचे पत्र आले, त्यावर निळे बोधचिन्हही होते. फक्त नोकरी नव्हती. आपण हे ध्यानी घ्यावे, मुलांना पाठ करून द्यावे, की संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर एक पैसाही घेत नाही. अर्जासाठी नाही, मुलाखतीसाठी नाही, प्रशिक्षणासाठीही नाही. जो पैसे मागेल तो ठक आहे. लाज न बाळगता पोलिसांत जावे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे. लाज फसवणाऱ्याने बाळगावयाची असते.

आपणांस मी खोटी आशा दाखवणार नाही. एकेका जागेसाठी जगभरातून अर्ज येतात. २०२५ साली निधीच्या टंचाईमुळे या संस्थांपैकी पुष्कळांनी जागा कमी केल्या. बहुतेक अर्जांना उत्तरही येत नाही. उत्तर आले नाही म्हणजे आपल्या जातीवर शिक्का बसला, असे मानू नये. अर्जाची प्रत ठेवावी, कोऱ्या राहिलेल्या जागा भराव्यात आणि पुन्हा लिहावे.

तथापि हे जग आपले नव्हे, असेही कोणी म्हणू नये. येथून जवळच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम गेले आणि १९६१ साली रशियाला जाऊन आले. ‘आमचा बाप आन् आम्ही’ लिहिणारे डॉ. नरेंद्र जाधव हे कामगाराचे पुत्र. रिझर्व्ह बँकेत काम करून पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सल्लागार झाले. आधी घरचे काम चोख केले, मग बाहेरचे दार उघडले, हा क्रम येथे पाहण्यासारखा आहे.

शेवटी माता-पित्यांना एक विनंती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. सुभेदार रामजींनी मुलासाठी जे केले, त्याची सुरुवात त्या एका नोंदीपासून झाली. आपणही आपल्या विहारात एक वही ठेवा. पुरात कोणी काय केले, अभ्यासिका कोणी चालवली, कोणत्या मुलीने किती स्त्रियांचे रेशनकार्डाचे अर्ज भरून दिले, हे तारीखवार लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. आपल्या समाजाने अपार काम केले, पण ते कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून अर्ज लिहावयास बसलेल्या आपल्या मुलांना गरिबीखेरीज सांगण्यासारखे काही सापडत नाही. आणि मुलगी मुंबईला, दिल्लीला जातो म्हणाली, तर तिची वाट अडवू नका.

त्या मुलीने अर्ज नव्याने लिहिला. ‘कृपावंत होऊन’ हे शब्द तिने स्वतःच्या हाताने खोडले. तिचे वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, “वकीलसाहेब, एवढं सगळं केलं हिनं, आम्हांला ठावंच नव्हतं.” अर्ज गेला आहे, उत्तर अजून आलेले नाही. उत्तर काहीही येवो. वडिलांना आपली मुलगी कोण आहे हे त्या दिवशी कळले.

जय भीम! नमो बुद्धाय!